आज्ञार्थ

बांबोळीच्या इस्पितळात, एकोणिसाव्या दिवशी,
डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला,
म्हणाल्या, उद्या घरी न्या त्यांना.
मुलगीच होती, कोल्हापूरकडची असावी,
डोळे रात्रभर जागून लाल.
मांय म्हणाली,
देव बरें करूं, बाये.

आमच्याकडे आभार मानतात ते असेच.
पोदेराने टोपलीतून पाव काढून दिला की,
बाकावर कुणी सरकून जागा दिली की.
ठेच लागल्यावर 'आई गं' निघावं
तसं निघतं ते तोंडातून.
तरी मला राग आला.
फेरीच्या कठड्याशी मी तिला गाठलं :
कसलं बरं? केलं काय त्यानं?
ती मांडवीकडे बघत होती.
पिशवीत पप्पांचे मळके सदरे,
वर न सोललेली दोन मोसंबी.
म्हणाली, भरती लागली.
मानशीच्या फळ्या आज कोण घालील?

पप्पा मानशीवर होते. सां मातियशच्या खाजनात
बेचाळीस वर्षं त्यांनी नदीला दार लावलं, उघडलं.
खारं पाणी वाईट नसतं, म्हणायचे,
त्याला फक्त वेळ सांगावी लागते.
त्यांना कुणी वेळ सांगितली नाही.
सां जुआंवच्या तीन दिवस आधी गेले,
शेजारची पोरं अंगणात फुलांचे मुकुट गुंफत होती,
आम्हाला बघून गप्प झाली.

पेटी करणारा कायतान. खड्डा खणणारा इनास.
उधारीवर मेणबत्त्या देणारा शाणू दुकानदार.
प्रत्येकाला तिचं तेच. देव बरें करूं.
मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो.

जुलैत बांध फुटला.
कुर्ल्यांनी आतून पोखरला होता,
आणि फळ्या घालायला त्या रात्री उशीर झाला होता,
मला.
अमावास्येच्या भरतीने उजाडेपर्यंत शेत खारं केलं.
मांय बांधावर उभी राहिली, बराच वेळ.
कुर्ल्यांना मात्र ती देव बरें करूं म्हणाली नाही.
सहा धरल्या, तिखटजाळ कालवण केलं.
घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मी पलीकडे माशेलच्या शाळेत मराठी शिकवतो.
ऑगस्टात आठवीला क्रियापदाचे अर्थ आले.
फळ्यावर लिहिलं : आज्ञार्थ.
आज्ञा, विनंती, प्रार्थना, आशीर्वाद,
चौघांना मिळून रूप एकच.
उदाहरण द्या म्हटलं,
तर मागच्या बाकावरची वृंदा गावस उठली :
सर, देव बरें करूं.
वर्ग हसला. हे कोकणी, सर!
खडू माझ्या बोटांत तसाच राहिला.

केलं, असं मांय कधी म्हणालीच नव्हती.
पावती नव्हती ती.
हिशेब मी मागत होतो,
ती मागत होती बरेपण,
त्या जागलेल्या पोरीसाठी, कायतानच्या करवतीसाठी,
ज्यांच्या हातून आमच्यापर्यंत काही पोचलं त्यांच्यासाठी.
आणि थोडी दटावतही होती,
रोजार गुंडाळलेल्या मुठीतून एक बोट काढून :
तुझं करायचं राहिलंय. कर.

वृंदाला मी पूर्ण गुण दिले.

खारावलेल्या शेतात यंदा बाकी सगळं जळलं.
कोपऱ्यात कोरगुट तेवढं उभं आहे,
दोन खंडीसुद्धा होणार नाही.
याला चांगुलपणा म्हणायचं का, मला ठरवता येत नाही.
रात्री भरतीला मी मानशीवर उतरतो,
मांय वरून बॅटरी धरते.
दारापलीकडे अख्खी नदी खांदा लावून उभी असते,
फळीच्या फटीतून थेंब थेंब आत येत राहते.

काल शेवटची फळी बसली,
तिने हात दिला, मी वर आलो,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
शब्द मोजून म्हणालो,
देव बरें करूं, मांय.

करतलो, ती म्हणाली,
आणि चिखलात रुतलेली चप्पल शोधू लागली.